किशुंगाकाठची पंगत

कोल्हापूरची माणसं परमुलखात गेली आणि तिथं पांढरा रस्सा शिजला नाही, असं अजून तरी घडलेलं नाही. काश्मिरात शिजला, दुबईत शिजला, जहाजाच्या डेकवर कप्तानाची नजर चुकवून शिजला. आणि माणसं कानात पाखरांची बोली घालून हिंडायला लागली त्या काळातही, आफ्रिकेतल्या किशुंगा राष्ट्रीय उद्यानात, सरोवराच्या पार काठाशी तो शिजतच होता.

शेगडीपुढं केरबा आचारी उकिडवा बसला होता. सहलीचा म्होरक्या संग्राम हुपरीकर पिवळी झेंडी बाभळीला टेकवून सतरंज्या अंथरून घेत होता. आणि सगळ्यांच्या मागनं, गुडघे सांभाळत, पायऱ्या उतरत येत होती त्याची आई, मंदाकाकू. ती या सहलीची शेपटी होती. शेपटी म्हणजे शेवटी चालणारं माणूस. कोण मागं राहिलं, कोण झुडपामागं गेलं, हे बघायचं आणि वॉकीटॉकीवर म्होरक्याला कळवायचं. नवरा गेल्यापासून घरात भिंतींशी बोलत बसण्यापेक्षा हे बरं, म्हणून ती लेकाबरोबर हिंडत असे.

किशुंगा म्हणजे मेलेल्या ज्वालामुखीच्या तोंडात साठलेलं पाणी. खोल कढईच्या तळाशी आमटी उरावी तसं. चारी बाजूंनी कडे, कड्यावर बस उभी, तळाला सरोवर, आणि मधे नागमोडी पायऱ्या. पाण्यावर गुलाबी झाक असलेले झोळीवाले पक्षी, म्हणजे पेलिकन, तरंगत होते, कमळाच्या पानांवरून कमळपक्षी लांब बोटं टाकत चालले होते, वठलेल्या झाडावर मत्स्यगरुड मान उडवून ओरडत होता. लव्हाळ्यात पाणघोडे फुरफुरत होते. असलं वैभव समोर असताना निवृत्त फौजदार इंगवले विचारत होते, "केरबा, खोबरं ताजं हाय न्हवं?"

"फौजदारसाहेब, पाखरं बघा की जरा!" केरबा म्हणाला.

"बघायला कशाला पायजे? ऐकतोय की." इंगवल्यांनी कानावर टिचकी मारली.

तो कानामागचा शेंगदाण्याएवढा जिन्नस म्हणजे पोपट. कंपनीनं त्याला भारदस्त नाव दिलं होतं, पण आपल्याकडं सगळे पोपटच म्हणत. शास्त्रज्ञांनी जगभरच्या पाखरांचे आवाज वर्षानुवर्षं टिपले आणि प्रत्येक आवाजानंतर पाखरू काय करतं ते संगणकाला दाखवत राहिले. असं ओरडलं की सगळी झुडपात शिरतात, म्हणजे वर ससाणा. तसं ओरडलं की पिल्लं चोच उघडतात, म्हणजे खाऊ. असे अर्थ जुळत गेले, आणि पाखरांना फार काही बोलायचं नसतं हे उघडकीला आलं. दिवसभर दोनच वाक्यं: 'ही जागा माझी' आणि 'धोका!' थोडक्यात, चाळीतलं भांडण. मग उरलेल्या रिकाम्या जागा यंत्र आपल्या पदरच्या शब्दांनी भरायचं. प्रवासी त्यानंही कंटाळले. पैसे मोजून आफ्रिकेत जायचं आणि अख्खा दिवस 'धोका' ऐकायचं? तक्रारी झाल्या. तेव्हा कंपनीनं बोली गोड केली. धोक्याच्या हाका दाबल्या, आणि सहा ठरावीक आवाज पाखरांच्या तोंडी घातले. इंगवल्यांच्या कानात एक लाडिक बाई म्हणत असे, 'अय्या, किती छान ऊन पडलंय!' पोपट आल्यावर उद्यानातले वाटाडे घरी बसले. पाखरूच सगळं सांगतंय म्हटल्यावर माणूस कशाला?

मंदाकाकूचा पोपट मात्र वेगळा होता. घरच्या माणसाचा आवाज भरायची त्यात सोय होती. माणसाची जुनी बोलणी घातली की यंत्र त्याच्या लकबीत बोलायचं. फक्त त्या आवाजाला कंपनीची साखर लागत नसे. तिनं नवऱ्याच्या मोबाइलमधली होती नव्हती तेवढी बोलणी त्यात ओतली होती. संग्रामला सांगितलं नव्हतं. त्यामुळे झोळीवाला बोलला की तिच्या कानात अण्णा हुपरीकर बोलत. 'ए, सरक तिकडं, ही जागा माझ्या आज्याची हाय!' ती गालातल्या गालात हसे, आणि लोक म्हणत, काकूंना पाखरांचा भारीच नाद.

आता अण्णा हुपरीकर काय चीज होती ते सांगायला हवं. रंकाळ्यावरच्या मगरीनं आपल्याला महाद्वार रोडचा रस्ता विचारला, असं हा माणूस शपथेवर सांगायचा. एका लग्नात पहिल्या पंगतीत जागा मिळाली नाही, तर 'पोळं उठलं, मधमाश्या आल्या!' असं ओरडून त्यानं अख्खा मांडव पळवला आणि स्वतः शांतपणे पाटावर जाऊन बसला. बाजारात जायला नको म्हणून छातीत कळ, पाहुणे टाळायला छातीत कळ. मंदाकाकूनं बावीस वर्षं ऐकून घेतलं आणि तेविसाव्या वर्षी ऐकायचं सोडलं. लेकालाही तिनं तेच शिकवलं: अण्णांचं ऐकावं सगळं, धरावं काही नाही.

पानं वाढली. माणसं सतरंज्यांवर मांडी घालून बसली. वाफाळता रस्सा वाट्यांत पडला आणि गप्पा बंद झाल्या.

तेवढ्यात अण्णा ओरडले.

'मंदे! ऊठ! वर चल, वर!'

लव्हाळ्यातून झोळीवाल्यांचा एक थवा फडफडत उठला आणि कड्याकडे निघाला. मंदाकाकूनं भाकरीचा तुकडा मोडला. मेल्यावरसुद्धा सुखानं जेवू देणार नाही हा माणूस, तिच्या मनात आलं.

'मंदे, पळ! ऊठ म्हणतो न्हवं!'

"बसा गप," ती पुटपुटली.

"मला म्हणालात, काकू?" शेजारचे इंगवले म्हणाले.

"न्हाई ओ. तुम्ही जेवा."

"जेवतोय की. डोळं कसं जड झाल्यात बघा. रस्सा अंगात भिनायला लागला." त्यांनी मोठी जांभई दिली. पलीकडची एक बाई धापा टाकल्यासारखा श्वास घेत होती. तिखट फार झालं म्हणाली. सगळे हसले.

तिखट फार झालं नव्हतं. नंतर जे कळलं ते असं. गोटी सोड्याच्या बाटलीत दाबानं वायू कोंडलेला असतो. गोटी आत ढकलली की फसफसून वर येतो. किशुंगाच्या तळाशी, जमिनीतल्या आगीतून झिरपणारा कर्बवायू असाच थंड पाण्यात विरघळून कोंडलेला होता, आणि वरच्या पाण्याचं वजन ही त्याची गोटी होती. रात्रीच्या पावसानं पलीकडच्या कड्याचा एक लचका सुटून सरोवरात पडला, तळ ढवळला, गोटी सरकली. पाखरांना आपल्याला न ऐकू येणारी खोल घरघर ऐकू येते. त्यांना कळलं. सरोवराला ढेकर आली होती. मोठी नव्हे; मोठी आली असती तर हे सांगायला कुणी उरलं नसतं. पण त्या वायूला रंग नाही, आणि तो हवेपेक्षा जड. वर उडून जात नाही, पाण्यासारखा सखल जागी साठत जातो. आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. आणि कोल्हापूरची मंडळी तर मांडी घालून, जमिनीपासून हातभर नाक ठेवून बसली होती.

भर दुपारी पाणघोडे पाण्याबाहेर निघाले. लोकांनी उष्ट्या हातांनी फोटो काढले.

"बघा, आमच्या रस्श्याचा वास लागला त्यास्नी!" केरबा म्हणाला.

आणि तेव्हा मंदाकाकूच्या कानात आवाज बदलला. ओरडणं थांबलं. हलक्या, जरा ओशाळ्या सुरात अण्णा म्हणाले, 'मंदे... छातीत कळ येतीया गं.'

तिच्या हातातला घास खाली पडला.

हे यंत्राचंच काम, हे तिला ठाऊक होतं. दम कोंडलेल्या पाखराच्या हाकेला शब्द सापडेना, म्हणून त्यानं अण्णांच्या बोलण्यातून जवळचे शब्द उचलले. पण अण्णांच्या शेवटच्या दिवशी हेच वाक्य खोटं समजून ती देवळात निघून गेली होती. ती तटकन उठली. उभं राहिल्यावर डोकं जरा साफ झालं, हे तिच्या ध्यानात आलं. पुन्हा वाकली, तर गरगरलं.

"संग्राम, सगळ्यांना उठव. वर चला. आत्ताच्या आत्ता!"

"काय झालं?"

"पाखरं म्हणतायत वर चला."

पंगत हसली. "काकू, माझी म्हणतीया किती छान ऊन पडलंय!" इंगवले म्हणाले. "आणि पानावरनं उठायचं म्हणजे काय? दुसरी वाटी यायचीय अजून."

"अन्नाचा अपमान करू नये, काकू," पलीकडून कुणी तरी म्हणालं. "बसा."

"आई, बस की. चक्कर आली का?" संग्राम म्हणाला.

तिनं हात जोडले, गयावया केली. लोक लाजल्यासारखे पानाकडे बघू लागले. म्हातारीला ऊन लागलं. खरं बोलून ही पंगत उठणार नव्हती. हिलाच कशाला, कोल्हापुरात कुठल्याही पंगतीला खरं बोलून कुणी उठवल्याचं ऐकिवात नाही. मंदाकाकूनं एकदा कड्याकडे बघितलं. मग छाती भरून, अण्णांनासुद्धा जमली नसती अशी बोंब ठोकली.

"माकडं! बसमध्ये माकडं शिरली! बॅगा फोडतायत! ते बघा, पासपोर्ट टाकला खाली!"

काय सांगायचं महाराज! रस्सा लवंडला, पानं तुडवली गेली, आणि गुडघ्याची दोन ऑपरेशनं झालेली माणसंसुद्धा पायऱ्यांवरून अशी सुटली की पाणघोडे बाजूला झाले. "माझं कंगन हाय त्यात!" "माझ्या गोळ्या!" केरबा तर मसाल्याच्या पिशवीच्या नावानं गळा काढतच पळाला. इंगवले सगळ्यांच्या पुढं. मंदाकाकू सवयीप्रमाणं मागनं, एकेकाला ढोसत, ढकलत, शिव्या घालत वर चढली. कुणी दम खायला बसलं की म्हणे, "बसा, बसा, तुमचीच बॅग उघडतंय ते!" बसलेलं माणूस उठून पळे.

कड्यावर येऊन तिनं माणसं मोजली. सगळी होती. दारं लावलेली बस शांत उभी होती, ड्रायव्हर चाकाला टेकून घोरत होता, आणि माकड औषधाला नव्हतं.

"काकू!" इंगवले धापा टाकत ओरडले. "हे काय थेर?"

तिनं ऐकलंच नाही. सगळी होती, पण झेंडी नव्हती.

तिनं खाली बघितलं. बाभळीखाली संग्राम शांतपणे पानं गोळा करत होता. बॅगा त्यानं स्वतः बसच्या पोटात ठेवून कुलूप लावलं होतं आणि किल्ली त्याच्या खिशात होती. सगळ्यांना पळवणारं खोटं एकट्या त्याला कळलं होतं. मागच्या पाण्यावरून, वायूबरोबर उठलेल्या थंड वाफेचं पांढरट धुकं काठाकडे सरकत होतं.

"संग्राम!" ती वॉकीटॉकीत किंचाळली. "तिथं काय करतोस? वर ये!"

"खरकटं आवरतोय," त्याचा आवाज आला. "उद्यानात अन्न टाकून गेलो तर परत पाऊल ठेवू देणार नाहीत. आई, तू आज अण्णांच्या वरताण केलंस. चाळीस वर्षं नावं ठेवलीस त्यांना, आणि शेवटी तेच?"

"अरे, तिथं हवा वाईट आहे. पाया पडते तुझ्या."

"आता हवा. मघाशी माकडं." तो थकल्यासारखं हसला. "डोकं भणभणतंय माझं, आई. उगाच बोलायला लावू नकोस. थांब, शेगडी विझली वाटतं. रस्सा तरी गरम ठेवतो, येतीलच सगळे परत... पेटत नाही. लायटरच पेटत नाही."

 मंदाकाकूचं माहेर विहिरी खणणाऱ्यांचं. जुन्या विहिरीत माणूस उतरायच्या आधी कंदील सोडतात. कंदील विझला तर कुणीही उतरायचं नाही. एकदा विझलेल्या कंदिलामागनं दोन सख्खे भाऊ उतरले होते. दुसरा उतरला तो पहिल्याला काढायला.

"वाकू नकोस!" ती ओरडली. "संग्राम, राजा, शेगडी राहू दे! उभा राहा. विहिरीतली हवा आहे ती. उभा राहा!"

"बसलोय जरा," तो म्हणाला. शब्द जड पडत होते. "दोन मिनिटं बसतो. मग येतो."

बाभळीच्या बुंध्याला टेकून तो खरंच बसला.

इंगवल्यांचा चेहरा पडला होता. त्यांना आता सगळं दिसत होतं. केरबा पायऱ्यांवरून धावला, मधल्या वळणापर्यंत उतरला आणि खोकत मागं आला. ड्रायव्हर जागा होऊन तोंडात बोटं घालून शिट्ट्या मारत होता. सगळे एकदम हाका मारत होते, "साहेब उठा! संग्रामराव उठा!" आणि खालून उत्तर येत नव्हतं. तिनं शपथा घातल्या. मी खाली उडी टाकते म्हणाली. वॉकीटॉकीतून नुसता श्वास येत होता, कुत्र्यासारखा जलद. आईची हाक त्यानं आयुष्यभर रोज ऐकली होती. ती ऐकून झोपेतून उठायची सवय कधीच मोडली होती.

मग तिनं कानामागचा पोपट उपटला, त्याचा आवाज बाहेर सोडला, आणि तो वॉकीटॉकीच्या तोंडाशी धरला.

खाली लव्हाळ्यात बदकं होती. पिसं झडायचा मोसम, उडता येत नव्हतं. झोळीवाल्यांची पिल्लं होती. ती सगळी दम कोंडून ओरडत होती, आणि शेकडो गळ्यांतून एकच माणूस ओशाळत बोलत होता: 'छातीत कळ येतीया रे. येतोस का?'

हे बोलणं अण्णांनी शेवटच्या दिवशी केलं होतं. मंदाकाकू देवळात गेली होती, म्हणून लेकाला फोन लावला. लेक माणसं घेऊन विमानतळावर उभा होता. तो म्हणाला होता, "अण्णा, आज कुठला बाजार टाळताय?" आणि हसून फोन ठेवला होता. मोबाइलनं ते टिपून ठेवलं होतं. घरात त्याविषयी पुन्हा कुणी बोललं नाही.

बाभळीखाली संग्रामचं डोकं वर झालं.

'येतोस का?' पिल्लं ओरडत होती. 'येतोस का?'

"येतो," वॉकीटॉकीतून आवाज आला. फार लहान आवाज. "आलो, अण्णा. आलो."

तो बुंधा धरून उठला. पडला. पुन्हा उठला. पायऱ्यांना लागला तेव्हा माणूस चालतोय की ओघळतोय कळत नव्हतं. मधल्या वळणावर त्याचे गुडघे गेले. तेव्हा मात्र मंदाकाकू कुणाचं ऐकायला थांबली नाही. "श्वास धरा, काकू, श्वास धरा!" म्हणत इंगवले तिच्या मागनं उतरले, त्यांच्या मागनं केरबा. एकानं बखोट धरलं, एकानं कंबर. तिनं त्याचं डोकं वर उचलून धरलं, पाण्यात बुडणाऱ्याचं धरतात तसं. तिघांनी त्याला ओढत, खरचटत, पायऱ्यांवर आपटत कड्यावर आणून टाकलं.

बराच वेळ तो निळा पडून होता. केरबा त्याचे तळवे घासत होता आणि देवाला कोंबडं कबूल करत होता. मग संग्राम ओकला. पांढरा रस्साच. कुणाला किळस आली नाही. दोन बायका तर आनंदानं रडल्या.

खाली धुकं काठावर चढून बाभळीच्या फांद्यांपर्यंत आलं होतं. पलीकडच्या उतारावर एक पाणघोडा आडवा झालेला दिसत होता. लव्हाळं हलत नव्हतं.

संग्रामनं डोळे उघडले. आईच्या मांडीवर त्याचं डोकं होतं आणि तिच्या मुठीत पोपट होता.

"अण्णा होते," तो म्हणाला.

"हं."

"मी म्हटलं त्यांना, येतो म्हणून. ऐकलं का त्यांनी?"

तिनं पोपट कानाला लावला. आत काहीच नव्हतं. नुसती पोकळी. इतक्या मोठ्या सरोवरावर बोलायला एक चोच उरली नव्हती. ती खूप वेळ ऐकत राहिली.

"काय म्हणतायत?" संग्रामनं विचारलं.

"म्हणतायत," मंदाकाकू म्हणाली, "आलास ते बरं केलंस. पण लई जड झालायस. रात्रीचा भात सोड म्हणतायत."

संग्राम हसायला गेला आणि त्याला रडू फुटलं. "आणखी?"

"आणखी... एक मगर भेटली म्हणतायत. किशुंगाची. कोल्हापूरचा रस्ता विचारत होती."

ती सांगत राहिली. सराईतासारखी, न अडखळता. शेजारी फौजदार इंगवले उभे होते. त्यांच्याही कानात पोपट होता, त्यातली लाडिक बाई केव्हाच गप्प झाली होती. तीस वर्षं खोट्या जबान्या ऐकलेला माणूस तो. त्यांनी एकदा खालच्या पाण्याकडे बघितलं, एकदा काकूकडे, आणि टोपी काढून म्हणाले, "व्हय संग्रामराव. मलाबी तसंच ऐकू येतंय."